जुनी ‘आरएक्स’ घेताना

स्पोर्ट्स कार नावाची वस्तू जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर क्वचितच दिसते. आपल्याकडे वेगाची हौस भागते ती दुचाकीवर, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात या हौसेचे सर्वांत मोठे नाव आहे यामाहा आरएक्स शंभर. एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या सहकार्याने १९८५ मध्ये ती भारतात आणली आणि १९९६ मध्ये, धुराचे नियम कडक झाले त्या सुमारास, तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज बारावीत बसलेल्या मुलाच्या जन्माआधीच ती बंद झाली होती. तरीही त्याला तीच हवी असते. चांगल्या स्थितीतल्या गाडीला मूळ किमतीच्या कित्येक पट पैसे मोजले जातात, आणि मोजणाऱ्याला बहुधा एवढेच माहीत असते की आवाज छान येतो. मग तो किंवा त्याचे वडील शाळेतल्या विज्ञान शिक्षकांना विचारतात, “सर, जरा गाडी बघायला येता का?”

अशा वेळी काय बघायचे, आणि का, हे या लेखात पाहू. मेकॅनिकला बरोबर न्यावेच. पण त्याने मान हलवली की व्यवहार झाला, असे होऊ नये. तपासणीतल्या बहुतेक गोष्टी नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रापलीकडच्या नाहीत.

प्रथम या गाडीत एवढे आहे तरी काय ते पाहू. सिलिंडरचा व्यास ५० मि.मी. आणि पिस्टनची धावही ५० मि.मी. यावरून आकारमान काढले तर ९८ घन सें.मी. येते; नावातले शंभर ते हेच. इंजिनाची शक्ती सुमारे ११ अश्वशक्ती, म्हणजे ८,२०० वॅट. गाडीचे वजन १०३ किलो आणि चालवणाऱ्याचे ६५ धरले, तर दर किलोमागे जवळजवळ ४९ वॅट मिळतात. जुन्या मारुती ८०० मध्ये ३७ अश्वशक्ती आणि साधारण ६५० किलो वजन होते. एकटा चालक धरून तेथे हे गुणोत्तर ३९ च्या आसपास येते. म्हणजे दोन पायली वजनाची वाटणारी ही गाडी उचल घेण्यात मोटारीच्या पुढे जाते. तिला थांबवायला मात्र पुढच्या चाकात १३० मि.मी. व्यासाचा ड्रमब्रेक आहे आणि मागेही ड्रमच. ही विषमता लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडेल.

विकणारा जे सांगतो त्याला साक्ष म्हणू नये. “मास्तरांची गाडी आहे भाऊ, शाळा ते घर एवढीच चालली” हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. (मास्तरांच्या गाड्यांना बाजारात एवढा मान आहे, हे कळून बरे वाटते.) किलोमीटर दाखवणारा काटाही साक्षीला घेण्याजोगा नाही. तो मागे फिरवता येतो, केबल तुटली की वर्षानुवर्षे बंद राहतो आणि मीटरच बदलला असेल तर पुन्हा शून्यापासून मोजतो. काटा १८,००० कि.मी. दाखवत असेल आणि गाडी ३० वर्षांची असेल, तर भागाकार करा: दिवसाला पावणेदोन किलोमीटरसुद्धा होत नाहीत. आता त्याच गाडीच्या पायदानाचे रबर, ब्रेकच्या पायपट्टीची झीज, चावीचे घासलेले दात पाहा. हे सगळे भाग एकाच वेळी नवे बसवून, त्यांचा जुनेपणा एकमेकांशी जुळवून ठेवणे फसवणाऱ्याला फार महाग पडते. आपली सारी तपासणी यावरच उभी आहे. एका खुणेवर विश्वास ठेवायचा नाही. वेगवेगळ्या खुणा एकच गोष्ट सांगतात का, ते पाहायचे.

आधी नंबर, मग इंजिन

बहुतेक जण आल्याबरोबर किक मारतात. त्याआधी पेन्सिल आणि पातळ कागद काढा. हँडलच्या दांड्याखाली, फ्रेमच्या नाकावर चेसिस नंबर ठोकलेला असतो, आणि इंजिनाच्या खोक्यावर इंजिन नंबर. आरएक्स शंभरचा नंबर ‘१एल१’ या खुणेने सुरू होतो. कागद त्यावर ठेवून पेन्सिल आडवी घासली की ठसा उमटतो. आरटीओतही अशाच ठशांचा उपयोग करतात. ठसा आरसी बुकाशी ताडून पाहा. त्याचबरोबर अंक एका ओळीत आहेत का, सारख्या खोलीचे आहेत का आणि आजूबाजूचा पृष्ठभाग इतर फ्रेमसारखाच आहे का, हेही पाहा. नंबराच्या पट्टीवर तेवढाच नवा रंग असेल, किंवा बोटाला तेथे खोलगटपणा लागला, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

येथे धातुशास्त्रातली एक गंमत विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे. ठोशाने अंक ठोकताना पोलादात नुसता खड्डा पडत नाही; खड्ड्याच्या खालचे स्फटिकही दबून विस्कटतात. चोराने वरचा थर घासून अंक नाहीसा केला, तरी हा विस्कटलेला थर बराच खोल उरतो. न्यायवैज्ञानिक प्रयोगशाळेत त्या जागी हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ताम्र क्लोराइड यांचे द्रावण लावतात. दबलेल्या आणि न दबलेल्या पोलादावर त्याची क्रिया वेगळ्या वेगाने होते, आणि पुसलेला आकडा पुन्हा दिसू लागतो. हा प्रयोग आपण करायचा नाही, अर्थात. पण गाडी चोरीची निघाली तर ती मूळ मालकाकडे जाते आणि आपले पैसे विकणाऱ्याकडून वसूल करणे आपल्या नशिबी येते.

खानदेश सीमेवरचा मुलूख आहे. सुरत, बऱ्हाणपूर, इंदूर येथून गाड्या सहज येतात. जळगावची एमएच १९ किंवा धुळ्याची एमएच १८ नसलेली, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल, तर तिच्या मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. “एनओसी आणून देतो” हे वचन आहे, कागद नव्हे.

मुदतीचे गणित सोपे आहे, पण करत कोणी नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते; त्यानंतर गाडी तपासून घेऊन ५-५ वर्षांसाठी ती वाढवावी लागते. सर्वांत शेवटची, १९९६ मध्ये नोंदलेली आरएक्स शंभर धरली तरी तिची पहिली मुदत २०११ मध्ये संपली. पुढचे टप्पे २०१६, २०२१ आणि २०२६. तेव्हा बाजारातली प्रत्येक आरएक्स शंभर पंधरा वर्षांपलीकडची आहे, आणि नूतनीकरणाची नोंद नसेल तर ती कागदोपत्री रस्त्यावर येऊच शकत नाही. नूतनीकरणाच्या वेळी पर्यावरण कर आणि उशिराचे शुल्कही भरावे लागते. घासाघीस करताना हा खर्च आधीच किमतीतून वजा करा. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की मुदत, विमा आणि बाकी दंड यांची माहिती मिळते.

विकणाऱ्यासाठीही एक सूचना. नमुना २९ आणि ३० वर सह्या करून गाडी दिली की आपण सुटलो, असे अनेकांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका अपघाताच्या प्रकरणात स्पष्ट केले, की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. गाडी तीन-चार हात फिरली, पण नाव बदलले नाही, तर भरपाईची नोटीस पहिल्याच माणसाच्या दारात येते.

थंड इंजिन काय सांगते

आता इंजिन. ते थंड असले पाहिजे. गेल्यावर हेडला हात लावा. गरम लागले तर चहा घेऊन दुसऱ्या दिवशी यावे. गरम इंजिन आपले दुखणे लपवते.

टू-स्ट्रोक इंजिनात झडपांचा पसारा नसतो. पिस्टन वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतली भोके स्वतःच झाकतो आणि उघडतो. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या खाली, क्रँकच्या खोक्यात, पेट्रोल-हवेचे मिश्रण ओढले जाते. तो खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबले जाऊन वरच्या बाजूला चढते. म्हणजे या इंजिनात दाब दोन ठिकाणी धरला गेला पाहिजे, पिस्टनच्या वर आणि पिस्टनच्या खाली. हे एकदा समजले की बाकीच्या परीक्षा आपोआप सुचतात.

वरचा दाब अंगठ्याने कळतो. चावी बंद ठेवून प्लग काढा, भोकावर अंगठा घट्ट धरा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा. चांगले इंजिन अंगठा उडवून लावते. अंगठा सहज टिकून राहिला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजला आहे. मग ‘बोअर’ मारून मोठा पिस्टन टाकावा लागतो. हे पिस्टन पाव मिलिमीटरच्या पायरीने मोठे मिळतात, ५०.२५ पासून ५१ पर्यंत. कितवा पिस्टन आहे हे विकणाऱ्याला विचारा आणि मेकॅनिककडून खात्री करून घ्या. शेवटच्या मापाचा असेल, तर पुढच्या वेळी सिलिंडरच बदलावा लागेल; आणि अस्सल सुटे भाग आता सहज मिळत नाहीत.

काढलेला प्लग तसाच ठेवू नका. त्याचे टोक बिस्किटाच्या रंगाचे असेल तर उत्तम. काळे, तेलकट असेल तर मिश्रण जाड आहे किंवा तेल जास्त आहे. पांढरट, भाजल्यासारखे असेल तर काळजी करा. मिश्रणात हवा जास्त आहे आणि इंजिन तापते आहे.

खालचा दाब धरतात ती क्रँकच्या दोन बाजूंची रबरी ऑइल-सील. यातले गिअरबॉक्सच्या बाजूचे गेले, तर गिअरचे तेल ओढले जाऊन जळते. टू-स्ट्रोकने थंड असताना थोडा निळसर धूर सोडणे स्वाभाविक आहे. पण दहा मिनिटांनंतरही दाट धूर येत राहिला आणि गिअरबॉक्समधले तेल कमी भरले, तर या सीलवर संशय घ्यावा. मॅग्नेटोच्या बाजूचे सील गेले तर धूर येत नाही. तेथून फुकटची हवा शिरते, मिश्रण पातळ होते, आणि अॅक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिन लगेच खाली न येता वरच घोंगावत राहते. गिऱ्हाइकाला वाटते, गाडी किती तयार आहे! ती तयार नसते, पिस्टन पकडण्याच्या वाटेवर असते.

पिस्टन पकडणे म्हणजे काय, तेही पाहू. पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, सिलिंडर ओतीव लोखंडाचा. दर अंशाला अॅल्युमिनियम लांबीच्या दशलक्षात सुमारे २३ भाग वाढते, लोखंड १२ भाग. दोघांचेही तापमान १०० अंशांनी जास्त झाले, तर ५० मि.मी. व्यासात दोघांच्या वाढीतला फरक ०.०५५ मि.मी. येतो. प्रत्यक्षात पिस्टन सिलिंडरपेक्षा अधिक तापतो, त्यामुळे फरक याहूनही मोठा. दोघांमधली मोकळी जागाच मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची असते. ती संपली की पिस्टन भिंतीला चिकटतो आणि मागचे चाक एकाएकी जाम होते. ७० च्या वेगात, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, मागे ट्रक असताना हे झाले तर काय होईल ते सांगायला नको. अशा वेळी क्लच दाबणे हाच तातडीचा उपाय. ही गाडी चालवणाऱ्याने दोन बोटे क्लचवर ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

यात अलीकडे एक भर पडली आहे. २०२५ पासून देशभर पंपांवर साधारणपणे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळण्यासाठी साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलच्या किलोला ९. मिश्रणाचा हिशेब केला तर आकडा साडेतेरापर्यंत उतरतो. जुना कार्बोरेटर हे जाणत नाही. तो पूर्वीच्याच मापाने इंधन सोडतो. म्हणजे इंधन गरजेपेक्षा सात-आठ टक्के कमी पडते आणि मिश्रण पातळ होते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो आणि हे इंजिन तर हवेने थंड होणारे. तेव्हा जेट एक नंबराने मोठा टाकला आहे का, कार्बोरेटरची रबरे आणि पेट्रोलची नळी बदलली आहे का, हे विचारलेच पाहिजे. इथेनॉल पाणी शोषून घेते. गाडी महिनोन् महिने उभी राहिली असेल तर टाकीच्या तळाशी गंज असण्याचा संभव मोठा. झाकण उघडून बॅटरीचा झोत आत टाका. टाकीत तेल मिसळण्याची पद्धत असेल तर मालक ते कोणत्या प्रमाणात टाकतो, आणि तेलाचा वेगळा पंप असेल तर तो जागेवर आहे का, हेही कळले पाहिजे. पंप काढून टाकून “अंदाजे” तेल ओतणारे मालक पुष्कळ आहेत.

आवाजाचा मोह

ज्या आवाजासाठी ही गाडी घेतली जाते, तोच पुष्कळदा बिघडवलेला असतो. सायलेन्सरची जाळी काढून किंवा पोट कापून आवाज मोठा करतात, आणि मोठा आवाज म्हणजे जास्त ताकद अशी समजूत असते. टू-स्ट्रोकमध्ये ती सरळ चुकीची आहे. मिनिटाला ७,५०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ८ मिलिसेकंद. त्यातला निम्मा वेळ धुराचे भोक उघडे असते. त्यातून निघालेली दाबाची लाट गरम धुरातून सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने जाते, सायलेन्सरच्या निमुळत्या भागावर आपटून परत येते, आणि भोक बंद होण्याच्या जरा आधी पोचली तर बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण आत ढकलते. साडेतीन मिलिसेकंदांत लाट पावणेदोन मीटर जाते. म्हणजे परावर्तनाची जागा भोकापासून साधारण ८५-९० सें.मी. वर हवी. हे अंदाजाचे गणित आहे, पण सायलेन्सरची लांबी आणि पोट मनाला येईल तसे का ठेवत नाहीत, हे त्यातून कळते. कापलेल्या सायलेन्सरची लाट वेळेवर परत येत नाही. आवाज वाढतो, ताकद घटते, न जळलेले पेट्रोल धुरातून जाते आणि पोलिसांची पावती वेगळी.

२००० सालापूर्वीच्या टू-स्ट्रोक दुचाकीला पीयूसी तपासणीत न जळलेल्या हायड्रोकार्बनची मर्यादा दशलक्षात ९,००० भाग आहे, नंतरच्या टू-स्ट्रोकला ६,०००. एवढी सवलत असूनही गाडी नापास होत असेल, तर इंजिनाची वरची सर्व लक्षणे पुन्हा एकदा तपासा.

दोरा आणि चुंबक

अपघातात वाकलेली फ्रेम डोळ्यांना दिसत नाही, दोऱ्याला दिसते. गाडी मेनस्टँडवर सरळ उभी करा. जमिनीपासून वीतभर उंचीवर एक लांब दोरा मागच्या टायरभोवती घेऊन त्याची दोन्ही टोके पुढच्या चाकाच्या दोन बाजूंनी पुढे ताणून धरा. स्टँड किंवा सायलेन्सरला दोरा टेकू देऊ नका. मागचा टायर २.७५ इंची आणि पुढचा २.५० इंची, म्हणजे फरक पाव इंचाचा. दोन्ही चाके एका रेषेत असतील तर पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना सारखी, सुमारे ३ मि.मी. फट राहील. (टायर वेगळ्या मापाचे असतील तर फट बदलेल, पण दोन्हीकडे सारखीच हवी.) एकीकडे दोरा टेकतो आणि दुसरीकडे बोट जाते, असे असेल तर आधी मागच्या चाकाची चेन-ताणणी दोन्ही बाजूंना सारख्या खुणेवर आहे का ते पाहा. ती बरोबर असून फट असमान असेल, तर फ्रेम किंवा पुढचा फोर्क वाकलेला आहे. अशी गाडी हात सोडला की एका बाजूला ओढते.

टाकी पोलादी आहे. लोहचुंबक एका पातळ कागदात गुंडाळून टाकीवरून फिरवा. ज्या ठिकाणी चुंबकाची पकड एकदम ढिली होते, तेथे रंगाखाली पुट्टी भरली आहे. चुंबकीय बल अंतराबरोबर झपाट्याने कमी होते, म्हणून दोन-तीन मिलिमीटरचा थरही हाताला कळतो. पोचा पुट्टीने भरला म्हणून गाडी वाईट ठरत नाही. पण टाकीच्या ज्या बाजूला पुट्टी, त्याच बाजूचे पायदान आणि हँडलचे टोकही घासलेले असेल, तर गाडी त्या कुशीवर पडून घसरली होती हे नक्की. चाकाच्या आऱ्यांवर पाना हलकेच वाजवत जा. ताणलेली तार टणत्कार करते, ढिली बद्द वाजते.

ब्रेक तपासायला चाक उघडावे लागत नाही. ब्रेक पूर्ण दाबला असता ड्रमवरची छोटी दांडी आणि ओढणारी केबल यांच्यातला कोन काटकोनाच्या फार पुढे गेला असेल, तर आतले लायनर संपले आहेत. ताशी ८० कि.मी. म्हणजे सेकंदाला २२ मीटर. चांगल्या ब्रेकने सेकंदाला ५ मीटर या दराने वेग कमी झाला असे धरले, तर थांबायला ५० मीटर लागतात, आणि भान येऊन ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात आणखी २२ मीटर जातात. ब्रेक निम्मेच लागत असतील तर ५० चे १०० होतात.

शेवटी चालवून पाहणे. सपाट रस्त्यावर सुसाट सोडण्यात अर्थ नाही. धुळ्याजवळच्या लळिंगचा चढ किंवा चाळीसगावकडून कन्नडचा औट्रम घाट असा चढ निवडा, डोक्यावर हेल्मेट घाला आणि तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश चढा. अॅक्सिलरेटर वाढवल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लचप्लेटी गेल्या आहेत. इंजिनाच्या पोटातून ठराविक लयीत टकटक येत असेल तर कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग सैल आहे; हा खर्च मोठा.

विद्यार्थ्याला मात्र एक गोष्ट तपासणीच्या आधीच सांगावी लागते. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना १८ वर्षांशिवाय मिळत नाही, आणि अकरावी-बारावीची बहुतेक मुले त्या वयाची नसतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते.

दोऱ्याचा आणि चुंबकाचा प्रयोग शाळेच्या स्टँडवर शिक्षकांच्याच गाड्यांवर करता येईल. वर्गाचे गट पाडून प्रत्येक गटाला एक गाडी द्या. दोन्ही बाजूंची फट व्हर्निअर कॅलिपरने मोजून घ्या, टायरच्या मापांवरून अपेक्षित फट आधी काढायला सांगा, आणि आऱ्या वाजवून ढिल्या तारांना खडूची खूण करा. गाडीचा मालक कोण हे मुलांना सांगू नये. निष्कर्ष अधिक प्रामाणिक येतात.